फोटो गाईचा होता

माळेगावच्या साखर कारखान्याच्या बाजूनं वारा आला की कळतं, गाळप सुरू झालं. आधी वास येतो. उकळत्या रसाचा गोड, आणि त्याच्या पोटात मळीचा आंबूस. मग काजळी येते. दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी काढायला जावं तर त्यावर जळक्या पाचटाचे हलके काळे तुकडे, बोट लावलं की पसरणारे. रस्ता ट्रॅक्टरच्या मालकीचा होतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी वाजवत, वळणावर ऊस सांडत ते जातात आणि मागची माणसं निमूट गाडीचा वेग कमी करतात. आमच्या पणदऱ्याच्या भागात या महिन्यांना कुणी हिवाळा म्हणत नाही. सीझन म्हणतात. "सीझन झाल्यावर बघू." पोरीचं लग्न, घराची गच्ची, आईचा दवाखाना, सगळं सीझन झाल्यावर.

शालनकाकूंनी कावीळ अशीच सीझन झाल्यावर बघू म्हणून अंगावर काढली. डेअरीला दूध घालायची वेळ त्यांनी एकदाही चुकवली नाही. दवाखान्याची वेळ चुकली. मार्गशीर्ष सरताना त्या गेल्या.

त्यांची मुलगी दीपाली शाळेत माझ्या शेजारी बसायची. यंदाही वारा आला, काजळी आली, आणि मला ऊस आठवला नाही, थंडी आठवली नाही. आठवली ती काकू गेल्यानंतरच्या सीझनमधली आमच्या शाळेची कॉम्प्युटरची खोली. तिच्या दाराबाहेर काढलेल्या चपलांची रांग, आत बंद पंख्याखाली कुबट गरम हवा, आणि एका पडद्यासमोर बसलेली, ओठ घट्ट मिटलेली दीपाली.

आमच्याकडं माणूस गेलं की चौकात बोर्ड लागतो. फ्लेक्सचा, रंगीत, बांबूंना ताणून बांधलेला. जिवंतपणी वाढदिवसाचा लागतो, गेल्यावर श्रद्धांजलीचा. बाकीच्या दिवसांत पुढाऱ्यांचे चेहरे असतात, पुढाऱ्यांच्या पोरांचे असतात, आणि नुकत्या मिशा फुटलेल्या, गॉगल लावलेल्या भावी सरपंचांचे असतात. आमचा चौक म्हणजे पुरुषांच्या चेहऱ्यांचं शेत आहे. बाईचा चेहरा तिथं पोचायचा तर बाईला मरावं लागतं. हे वाक्य मी पुढं एका पत्रकात लिहिलं तेव्हा वडीलधाऱ्यांनी ते खोडायला लावलं. इथं लिहिते. इथं खोडायला कुणी नाही.

शालनकाकू गेल्या तेव्हा दीपालीचे वडील, आप्पा, बारामतीला एसटी स्टँडजवळच्या बंडूदादाच्या दुकानात गेले. बंडूदादानं फोटो मागितला. घरात काकूंचा धड चेहरा दिसेल असा फोटो नव्हता. बटणाचा साधा मोबाइल होता. टचचा मोबाइल त्या घरात नंतर आला, कोरोनात शाळा बंद होऊन अभ्यास मोबाइलवर आला तेव्हा. मग आप्पांनी आधार कार्ड दिलं. आधारवरच्या फोटोत आपण सगळेच पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतो. काकूही तशाच दिसत होत्या, डोळे विस्फारलेले, मान आखडलेली. बंडूदादाच्या कॉम्प्युटरात साड्या नेसलेली तयार अंगं होती. त्यातलं एक पैठणीतलं त्यानं निवडलं आणि त्यावर काकूंचं डोकं ठेवलं. हात जोडलेले, गोरेपान, नखांना लाल रंग.

दहाव्याच्या दिवशी दीपाली त्या बोर्डाखाली उभी होती. मला म्हणाली, "ती नखं बघ. आईची हायत का ती?"

काकूंचे हात मला माहीत होते. शेणानं आणि धारा काढून भेगाळलेले. त्या हातांनी डोक्यावरून हात फिरवला की केस अडकायचे.

पुढच्या सीझनला आम्ही नववीत होतो. शाळा पुन्हा भरू लागली होती, आणि वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. पुन्हा बोर्ड लागणार होता. बंडूदादाकडं जुनी फाइल होतीच. 'भावपूर्ण श्रद्धांजली' काढायचं आणि 'प्रथम पुण्यस्मरण' टाकायचं, एवढंच काम. दीपालीनं ते ऐकलं आणि मला मधल्या सुट्टीत नळावर गाठून सांगितलं, "औंदा आईला दुसऱ्या बाईचं अंग न्हाय लावू द्यायची मी. आईचा आईच्यासारखाच फोटो लावायचा. मी करणार."

"कशानं करणार?"

"शाळेत कॉम्प्युटर कशाला हायत मग?"

कॉम्प्युटर होते. कुणीतरी दिलेले, बरेच दिवस कुलपात राहिलेले. काही चालू व्हायचे, काही नुसते घुमायचे. त्या वर्षी बारामतीहून एसटीनं येणाऱ्या एक मॅडम आल्या आणि त्यांनी खोली उघडली. पोरींना झाडू दिला तसा पोरांनाही दिला, म्हणून त्या मला पहिल्याच दिवशी आवडल्या. एका मशीनवर दोघी. एकीनं माउस धरायचा, दुसरीनं सांगायचं, मग बदलायचं. मॅडमनी प्रकल्प दिला: घरातला एक जुना फोटो आणा, कॉम्प्युटरवर दुरुस्त करा, आणि खाली लिहा, फोटोत कोण आहे, फोटो कुणी काढला.

फोटो आले. फेटा बांधलेले आजोबा आले. शर्यतीचे बैल आले. नव्या ट्रॅक्टरची पूजा आली. त्यात ट्रॅक्टरला हार, मालकाला टोपी, आणि पूजेचं ताट धरलेला नुसता एक बांगड्यांचा हात. मी आणला तो मोर्चाचा फोटो. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, दूधदराच्या, कालव्याच्या पाण्याच्या लढ्यातले. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी 'आपले नम्र' आणि खाली नावांची रांग. मी लहानपणी त्या रांगेत आईचं नाव शोधायची. मोर्चाच्या भाकरी तिनं थापलेल्या असायच्या, म्हणून वाटायचं असेल कुठंतरी. माझ्या फोटोतही घोषणा देणारे नाना आहेत आणि कडेला एक हिरवा पदर आहे. तो पदर माझी आई.

दीपालीनं आणला तो गाईचा फोटो होता.

बारामतीला जनावरांच्या प्रदर्शनात त्यांच्या राणीचा नंबर आला होता, तेव्हाचा. राणी काळीपांढरी, भरल्या अंगाची, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर गुलाल. फोटोग्राफरनं राणी पूर्ण घेतली होती, शेपटीच्या गोंड्यापर्यंत. दावं धरून शालनकाकू उभ्या होत्या, कारण राणी दुसऱ्या कुणाजवळ उभी राहायची नाही. पण ऐन वेळी राणीनं मान वळवली असणार. काकूंचा अर्धा चेहरा तिच्या डोक्यामागं गेला होता. उरला होता तो एक डोळा, एक गाल, नाकाची एक बाजू आणि थोडं उघडलेलं अर्धं तोंड. फोटोच्या मागं पेननं लिहिलं होतं, 'राणी'.

मागच्या बाकावरच्या संग्रामनं पडद्यावर फोटो बघितला आणि म्हणाला, "ए दीपे, गाय राहू दे, बाई काढ. गाय दूध तरी देईल."

दीपालीनं मागं न वळता सांगितलं, "तुझ्या बापाचा फोटो आण की मग. बघू त्यो किती लिटर देतोय."

वर्ग हसला, मॅडमही हसल्या, संग्राम लाल झाला. पण त्यानंतर तिनं माउसचं एकच क्लिक तीनदा चुकवलं. शेजारी बसलेल्या मला ते दिसत होतं.

किती तास गेले त्या गाईला बाहेर काढायला! बारीक रेघ ओढत कडेकडेनं जायचं. लाइट जायची, यूपीएस ओरडायचा, सगळं पुसलं जायचं. पुन्हा. राणीचा कान जिथं काकूंच्या खांद्यावर आला होता तिथं खांदा नव्यानंच करायचा होता. इथला कापडाचा तुकडा उचलायचा, तिथं लावायचा, कड मिटवायची. मॅडमनी हे सगळं मायेनं शिकवलं. हळूहळू राणी गेली. हार गेला, गुलाल गेला. उरली एक बाई, जिला अर्धा चेहरा नव्हता.

"आता?" दीपालीनं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "आहे तो अर्धा कॉपी कर आणि उलटा फिरवून शेजारी लाव. माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू साधारण सारख्याच असतात."

दीपालीनं तसं केलं. अर्धा गाल सरकत सरकत दुसऱ्या अर्ध्या गालाला भिडला, आणि पडद्यावरून एक पूर्ण बाई आमच्याकडं बघू लागली. हसरी. दीपाली उठून उभी राहिली. कपाळावरची बट तिनं मागं सारली, घरात कुणी मोठं माणूस आल्यावर सारावी तशी. मॅडम हळूच म्हणाल्या, "किती छान हसतायत गं." मग त्यांनी डोळे पुसले, आणि मीही पुसले. आम्ही तिघी त्या क्षणी पुऱ्या सुखात होतो.

नाकात दोन्हीकडं चमकी झाली होती, ती एकीकडची काढली. पुढचे सगळे तास दीपाली तोच चेहरा घासूनपुसून नीट करत राहिली. इतक्या जवळून, इतका मोठा करून, इतका वेळ तिनं आईकडं आईच्या हयातीत कधी बघितलं नसेल. हयातीत आईकडं कोण बघतं? ती भाकरी वाढते तेव्हा आपण भाकरीकडं बघतो.

शाळेच्या प्रिंटरवर कागद काढून तिनं घरी नेला. मी सोबत होते. आप्पा धार काढून उठत होते. त्यांनी हात धुतले, बनियनला पुसले, कागद उजेडाकडं धरला.

"लग्नातली दिसती," ते म्हणाले. कागद आणखी जवळ धरला. मग, "राणी कुठं गेली यातली?"

"काढली."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि कागद परत देऊन बादली उचलून निघून गेले.

बंडूदादा मात्र खूश झाला. पेन ड्राइव्ह लावून म्हणाला, "आयला, आप्पाराव, तुमची पोरगी आमचं दुकान बंद पाडती का काय?" बोर्ड लागला. मोठा, निळ्या आभाळाचा. पैठणी नाही, लाल नखं नाहीत. साधी साडी, खांद्यावर पदर, हसरा चेहरा. डोक्यावर वैरणीचे भारे घेतलेल्या बाया चौकात थांबायच्या आणि वर बघायच्या. "हुबेहूब गं बाई," एक म्हणाली. "आत्ता बोलंल असं वाटतंय." शाळेत सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. संग्रामनंही वाजवल्या. दीपाली त्या दोन-तीन दिवसांत जितकी ताठ चालली तितकी मी तिला नंतर कधी बघितली नाही.

वर्षश्राद्धाला निरवांगीहून तिची मावशी आली. काकूंची सख्खी धाकटी बहीण, रंजनामावशी. एसटीनं चौकात उतरून चालत आली. ओट्यावर टेकली, पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चौकात बोर्ड लावलाय त्यो कुणाच्या बाईचा? तरणी दिसती गं. वाईट झालं."

अंगणात पत्रावळी मांडणारी माणसं जिथल्या तिथं थांबली. दीपालीच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"मावशी," ती म्हणाली, "आई हाय ती."

मावशी तिच्याकडं बघत राहिली. मग उठली, पायात चप्पल न घालता पुन्हा चौकापर्यंत गेली. आम्ही दोघी मागं. बोर्डासमोर उभी राहून तिनं आधी नाव वाचलं, मग चेहरा बघितला, मग पुन्हा नाव.

"कुठला फोटू हाय ह्यो?"

दीपालीनं सांगितलं. राणीचा, प्रदर्शनातला.

"त्यो मला ठावं हाय. मी तितंच हुते की. राणी बुजली हुती माणसांना. अक्का तिच्याशी बोलत हुती, 'थांब गं बाय, थांब, झालं आता' असं. म्हणून तोंड उघडं हाय. अक्का हसत न्हवती, दीपे. तुमी हसवलीया तिला." ती थोडी पुढं गेली. "आन् भुवईवरची खूण कुठं गेली?"

"कसली खूण?"

"वासरानं लाथ मारलेली. हिकडच्या भुवईवर. भुवईच तुटली हुती तिथं, केस उगवलं न्हाईत परत. रोज बघत हुतीस की गं पोरी."

ती खूण राणीच्या डोक्यामागं लपलेल्या अर्ध्या चेहऱ्यात होती. फोटोत नव्हती म्हणून आमच्या चेहऱ्यात नव्हती. दीपालीनं आपल्या भुवईला हात लावला, आधी एका, मग दुसऱ्या, जणू तिथं सापडेल. "व्हय," ती म्हणाली. पण तो 'व्हय' आठवण झालेल्या माणसाचा नव्हता. शिक्षकांनी विचारल्यावर, समजलं नसताना आपण म्हणतो, तसा होता.

मावशी चिडली नाही. तिनं दीपालीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. चांगला झालाय." हे तिनं सगळ्यांत वाईट केलं.

जेवणं उरकल्यावर आम्ही कालव्यावर जाऊन बसलो. पाणी सुटलं होतं, काठोकाठ, पाचटाचे तुकडे वाहत होते. दीपाली म्हणाली, "आधी डोळं मिटलं की दिसायची. चुलीपुढं, गोठ्यात, पाण्याला जाताना. तोंड दिसायचं नीट. आता अंग तिचंच असतंय. चालती तशीच. वळली की तोंड बोर्डावरचं."

"येईल परत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतली फाइल काढून टाकली. कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकली. घरी मूळ फोटो हातानं अर्धा झाकून बघितला, गाय झाकून बघितली, बाई झाकून बघितली. आप्पांना विचारलं, खूण कशी होती. आप्पा म्हणाले, "हुती बारकी." कुठल्या भुवईवर, तिनं विचारलं. त्यांनाही आठवेना. एकत्र इतकी वर्षं, एकाच गोठ्यात, एकाच बादलीपाशी, आणि त्यांना आठवेना.

परवा आमच्या गावाच्या ग्रुपवर कुणीतरी वारलेल्या आजोबांचा व्हिडिओ टाकला. फोटोवरूनच केलेला. आजोबा पापण्या मिटतात, मान हलवतात, हसतात. खाली हात जोडलेल्या, रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. आता माउसही धरावा लागत नाही, गाय काढायला महिना लागत नाही. मशीन भराभर रिकाम्या जागा भरतं आणि विचारत नाही की ही जागा रिकामी का राहिली. मला तेच विचारायचं असतं. शालनकाकूंचा अर्धा चेहरा गाईमागं का राहिला? कारण कॅमेरा गाईसाठी आला होता. गाईची किंमत होती, तिला नंबर होता, हार होता. ज्या बाईशिवाय ती गाय उभी राहत नव्हती ती बाई चौकटीत आली काय, न आली काय, कुणाला फरक पडत नव्हता. आम्ही पोरींनी नंतर बसून तो अर्धा चेहरा भरला आणि वाटलं न्याय केला. पण न्याय कॅमेऱ्यासमोर करायचा असतो, तिथं दावं धरून ती उभी असताना. नंतर उरतं ते जुळवून लावणं. मी हे आता चार ठिकाणी बोलते, पत्रकात लिहिते, नव्या पोरींना सांगते की आईचा फोटो काढा, आज काढा, भांडी घासताना काढा. त्या हसतात आणि स्वतःचा काढतात. मी रागावते. मग राग ओसरतो आणि त्याच्या तळाशी नुसतं दुःख असतं, ज्याचं पत्रक निघत नाही.

त्या सीझनच्या शेवटाकडची एक दुपार राहिली सांगायची.

आमच्याकडं बोर्ड वाया जात नाही. दिवस उलटले की तो खाली येतो आणि वैरणीवर जातो, टाकीवर जातो, नाहीतर ऊसतोडीच्या माणसांच्या कोपीवर, त्यांच्या पाचटाच्या झोपडीवर. थंडी होती, दव पडायचं. आप्पांच्या फडात तोडणीला आलेल्या टोळीतल्या एकानं मागितला असेल, आप्पांनी दिला असेल. दीपालीला ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

माघात आम्ही दोघी राणीसाठी वाढं आणायला फडात गेलो. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तोडणीवाल्या बाया त्यांच्या मोळ्या बांधून ठेवतात. ओढ्याकडेच्या कोपीत एक बाई होती, बीडकडची, आमच्याहून फार मोठी नसावी. "आत या की, ऊन लागतंय," ती म्हणाली. आम्ही वाकून आत गेलो. आत निळसर उजेड होता. झोळीत तिचं लेकरू मूठ चोखत पडलं होतं आणि वर बघत होतं.

वर काकू होत्या. बोर्डाची छापील बाजू आत केली होती. नावाची अक्षरं कुठंतरी बाहेर मातीत खोचली गेली होती. उरला होता तो निळ्या आभाळातला चेहरा, दोन्ही बाजूंनी सारखा, हसरा, लेकराच्या अगदी वर.

"लई गुणाची हाय ही बाई," ती तोडणीवाली हसून म्हणाली. "लेकरू रडाया लागलं की हिच्याकडं बघून गप होतंय. मी म्हणते त्याला, ती बघ तुझी आज्जी. कोण हाय वो ही, ताई? तुमच्या गावातलीच असंल ना?"

मी दीपालीचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. ती वर बघत राहिली. झोळी हलत होती, बाहेर कुणीतरी कोयता घासत होतं.

"म्हाईत न्हाय," दीपाली म्हणाली.

आणि वाकून बाहेर जाऊन तिनं मोळी डोक्यावर घेतली. ती खोटं बोलली नव्हती.